बर्फावर दोन ठोके

आमच्या थिएटरच्या चौथ्या मजल्यावर, म्हणजे अगदी डोक्यावर, कोट ठेवायची एक वेगळी खोली आहे. तिथे मी एकोणतीस वर्षं काढली. मखमली खुर्च्यांत बसणाऱ्यांचे कोट खाली जायचे, आणि वर गॅलरीत उभं राहून, खांबाआडून माना वाकड्या करून बॅले पाहणाऱ्यांचे कोट माझ्याकडे यायचे. खालच्यांच्या कोटांना अत्तराचा वास आणि वरच्यांच्या कोटांना ओल्या लोकरीचा. पण खरं सांगायचं तर बॅले कळायचा तो वरच्यांनाच.

माझ्या खिडकीसमोर गॅलरीचं दार, आणि त्या दारात कापा. कापितोलीना येगोरोव्हना. बुटकी, करड्या वेणीचा अंबाडा घातलेली, गुडघे सुजलेले, निळ्या गणवेशावर नेहमी एकच पिन, मधाच्या रंगाच्या कहरब्याच्या खड्याची. तिकिटं फाडायची, कार्यक्रमपत्रिका विकायच्या आणि दुर्बिणी भाड्याने द्यायच्या, हे तिचं काम. आमच्याकडे दुर्बीण घेणाऱ्याला खेळ संपल्यावर कोट रांगेशिवाय मिळतो. त्यामुळे निम्मे लोक दुर्बीण घेतात ती बॅले पाहायला नाही, रांग चुकवायला. कापाला ते चेहऱ्यावरून कळायचं.

"डोळ्यांना लावणार आहात, की कोटाला?" असं ती भर रांगेत विचारायची. माणूस लाजून दोन दुर्बिणी घ्यायचा.

कागदावर ती शिपाई होती, पण गॅलरीत तिचंच राज्य होतं. आमची गॅलरी शिट्ट्या मारत नाही, हुर्यो करत नाही. गॅलरी गप्प बसते. खालचे लोक सभ्यपणा म्हणून टाळ्या वाजवतात, ते नर्तकांना पक्कं ठाऊक असतं. वरून टाळी पडली तरच ती टाळी. आणि वरची टाळी कापाच्या हातात होती. शेवटच्या रांगेमागे दारापाशी ती उभी असायची. तिचे हात पुढे असले तर गॅलरी दणाणायची. तिने हात पाठीमागे बांधले, की शंभर माणसं चिडीचूप. कोणी तिला हा अधिकार दिला, ते मला विचारू नका. मांजराला दुधाची खोली कोण दाखवतं?

तर त्या शहाऐंशी सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या थिएटरात 'हिवाळ्यातली नवरी' हा बॅले राज्यक्रांतीच्या आधीपासून चालत आलेला. त्याच्या शेवटच्या अंकात नवरी एकटीच गोठलेली नदी ओलांडते. पलीकडच्या काठावर नवरा उभा. रंगमंचाच्या एका कोपऱ्यातून निघून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ती पायांच्या टोकांवर जाते, इतक्या बारीक पावलांनी, की पाय हललेले दिसतच नाहीत. बरोबर मध्यावर ती थांबते. टाचा खाली टेकतात, मान झुकते, उजवा हात समोरच्या रिकाम्या हवेत जातो. ऑर्केस्ट्रा दोन ठोके श्वास धरून थांबतो. पलीकडून नवरा दोन पावलं पुढे येतो, आणि मग ती पुन्हा टोकांवर उठून निघते.

याला सगळं लेनिनग्राद 'दोन ठोके' म्हणायचं. तेवढ्यासाठी लोक विसाव्यांदा यायचे. कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असायचं, की बॅले रचणाऱ्या जुन्या उस्तादाची ही सगळ्यात नाजूक कल्पना. आमच्या गॅलरीत वेनियामिन ओसिपोविच म्हणून एक गृहस्थ यायचे, शाळेत भूमिती शिकवायचे. ते नव्या लोकांना समजावून सांगायचे, "इथे तिचा जीव माहेराकडे ओढ घेतो, बघा. हा हात पुढे दिसतो, पण तो मागे जातोय!" भूमितीवाल्याला पुढचं मागे कसं दिसतं, देव जाणे. पण त्यांचे डोळे भरून यायचे ते मी पाहिलेत.

आणि या दोन ठोक्यांची राखण कापा करायची. एकदा मॉस्कोहून मोठं नाव असलेली पाहुणी आली होती. तिने दोनाच्या जागी एकच ठोका घेतला, घाईत. कापाचे हात पाठीमागे गेले. खाली टाळ्या, वर स्मशान. पाहुणीने पडद्यामागे विचारलं म्हणे, "वर कोणी वारलं का?" त्यानंतर ती आमच्याकडे कधी नाचायला आली नाही. ही हकीकत गॅलरीत वर्षानुवर्षं सांगितली जायची, आणि सांगितली जात असताना कापा खिडकीतून बाहेर बघत असायची. मला वाटायचं, विनयाने.

आता ताइसिया. ती आमच्याच बॅलेच्या शाळेतली. दहा वर्षांची असल्यापासून गॅलरीच्या पायरीवर फुकट बसायची. कापा तिला कागदात गुंडाळून पिरोझोक, म्हणजे कोबी भरलेला छोटा पाव, द्यायची आणि म्हणायची, "खा. उपाशी पोटी नाचतात ते मूर्ख." ती पोर वाढली, बारीकच राहिली, आणि चोविसाव्या वर्षी तिला नवरीचं काम मिळालं. कापाने त्या आठवड्यात गणवेशाला इस्त्री दोनदा केली.

पहिला खेळ जानेवारीत. मीसुद्धा कोट सोडून दारात येऊन उभी राहिले होते. पहिला अंक, दुसरा अंक, पोरगी अशी नाचली, की वेनियामिन ओसिपोविच चष्मा पुसायचंही विसरले. मग नदी आली. ती निघाली. मध्यावर पोहोचली. आणि थांबलीच नाही. ऑर्केस्ट्राही थांबला नाही, म्हणजे ते तालमीतच ठरलेलं होतं. सरळ, एका दमात, एखादा धागा ओढावा तशी ती पलीकडे गेली.

माझ्या शेजारी कापाचे हात पाठीमागे गेले. पण मी तिच्या मागेच होते, म्हणून मला दिसलं: ते हात एकमेकांत इतके घट्ट आवळले होते, की नखं पांढरी पडली होती. गॅलरी गप्प. खालच्या टाळ्या खोल विहिरीतून याव्यात तशा ऐकू येत होत्या.

नंतर माझ्या खिडकीपुढे जी रांग लागली, तिच्यात कोणाला कोट नकोच होता.

"हा काय खेळ झाला? काम फुकट गेलं की हो!" औषधांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या. "मी वर्षातून एकदा तिथे रडते. आता मी रडू कुठे?"

"अहो, तिने उस्तादाची जुनी वही काढून पाहिलीय म्हणतात," एक विद्यार्थी म्हणाला. "मूळ रचनेत थांबणं नाहीच."

"तुझं वय काय?"

"वीस."

"मग तुला मूळ काय माहीत! मी एकोणीसशे सत्तेचाळीस सालापासून बघतेय."

"पण नर्तकीला काही स्वातंत्र्य नको का?"

"स्वातंत्र्य घरी जाऊन घ्यावं," वेनियामिन ओसिपोविच म्हणाले. "पायथागोरसचा सिद्धांत मी रोज शिकवतो. कंटाळा आला म्हणून एक बाजू गाळतो का?"

"बॅले म्हणजे भूमिती नव्हे!"

"म्हणून तर तुम्हाला दोन्ही येत नाहीत!"

असं अर्धा तास चाललं. मी शेवटी टोकनं आपटली आणि ओरडले, की ज्याला भांडायचंय त्याने कोट घालून भांडावं, मला घरी बटाटे शिजवायचेत.

 कापाने तेवढ्यात दुर्बिणी मोजून पेटीत ठेवल्या, आणि ती गेली.

चार दिवसांत थिएटरच्या संचालकांना द्यायचं पत्र तयार झालं. वेनियामिन ओसिपोविचांच्या सुबक अक्षरात. 'उस्तादाच्या मूळ रचनेचा अवमान', 'पिढ्यान्‌पिढ्यांचा ठेवा', असं बरंच काही. साठ सह्या झाल्या. सगळ्यात वरची ओळ कापासाठी रिकामी ठेवली होती. संचालक प्रेक्षकांच्या पत्रांना घाबरायचे. त्या काळी सगळेच घाबरायचे. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, की फेब्रुवारीतल्या रविवारी दुपारच्या खेळाला प्रेक्षक पुन्हा असेच गार राहिले, तर नवरीचं काम दुसरीकडे जाईल. आणि चोविसाव्या वर्षी असं काम एकदा हातातून गेलं, की परत येत नाही. कोणीतरी पाठीमागून आलेलीच असते.

पत्र माझ्या फळीवर पडलं होतं. कापाने पेन उचललं, ओळीवर टेकवलं आणि तसंच खाली ठेवलं.

"उद्या करते," ती म्हणाली.

मला नवलच वाटलं. मला वाटलं होतं, ही दोन्ही हातांनी सही करेल.

मंगळवारी थिएटरला सुट्टी असल्यासारखंच असतं. मी हुकांवरचे आकडे पुसत होते, कापा चहा ओतत होती. तेवढ्यात जिन्यावरून ताइसिया आली. लोकरीचे मोजे वर ओढलेले, केस बांधलेले, डोळे सुजलेले. हातात पारदर्शक कागदाची सुरळी.

"कापामावशी," ती म्हणाली, "तुम्ही माझ्याशी बोलत नाही."

"चहा घे."

"नको मला चहा." तिने सुरळी फळीवर पसरली. जुन्या वहीतली पावलांची खूण तिने गिरवून आणली होती. एक रेघ, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, कुठेही तुटलेली नाही. कडेला जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलेलं: न थांबता. "मी मुद्दाम शोधायला गेले नव्हते हो. पहिल्या अंकातले हात पाहायला गेले, तर हे सापडलं. उस्तादाच्या हाताने लिहिलंय. सगळे म्हणतात मी बदललं. मी काय बदललं? दोन ठोके कुठे लिहिलेत ते दाखवा. कुठेही. लिहिलेले असतील तर मी गुडघ्यावर बसून माफी मागेन."

कापाने चष्मा लावला. त्या रेघेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दोनदा.

"कुठेच लिहिलेले नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं बरोबर आहे. बस खाली." मग ती माझ्याकडे वळली. "फाया, तूही बस. दार लाव."

एकोणतीस वर्षं मी तिच्यासमोर काढली, तिच्या गुडघ्यांच्या मलमाचं नावसुद्धा मला पाठ होतं. तिला बहीण होती, हे मात्र मला त्या मंगळवारी कळलं.

आग्निया. कापापेक्षा पाच वर्षांनी मोठी, आमच्याच थिएटरात घोळक्यात नाचणारी. एक्केचाळीस साली जर्मनांनी लेनिनग्रादला वेढा घातला, त्या वेढ्याच्या पहिल्या हिवाळ्याआधीच मोठमोठे नर्तक गाडीत बसून दूर गेले होते. जे उरले त्यांचा एक लहानसा संच झाला. ते इस्पितळांत, कारखान्यांत आणि दुपारी उजेड असेपर्यंत आमच्या रंगमंचावर नाचायचे. प्रेक्षक कोट, टोप्या, हातमोजे घालून बसायचे. नवरीचं काम करणारी अंथरुणाला खिळली, म्हणून डिसेंबरात ते एकोणीस वर्षांच्या आग्नियाला मिळालं.

"किती खूश होती सांगू!" कापा म्हणाली. "दिवसाला सव्वाशे ग्रॅम पाव मिळायचा, तोही भुशाचा. त्यातला तुकडा ती मला द्यायची, म्हणायची, माझी आज मेजवानी आहे, मी नवरी आहे. आणि मी खायचे. चौदा वर्षांची होते मी. खायचे ग मी."

 तिने चहाचा पेला दूर सरकवला.

"मी पलीकडच्या बाजूला विंगेत उभी होते," कापा म्हणाली. "तिचा कोट आणि फेल्टचे बूट घेऊन. कोट मी माझ्या कोटाच्या आत धरला होता, गरम राहावा म्हणून. ती निघाली. काय सुंदर येत होती! सरळ, या रेघेसारखी. आणि मध्यावर तिचे पाय गेले. टाचा खाली आल्या. मान खाली. तिने हात पुढे केला, धरायला, पण तिथे धरायला काय असणार? वाजवणाऱ्यांना वाटलं पडते, ते थांबले. नवऱ्याचं काम करणारा फ्योदोर प्लातोनोविच पुढे धावला आणि तिला उचलून घेऊन आला. ओझं असं नव्हतंच तिला. लोकांना वाटलं नाचच आहे तो. हातमोजे घातलेल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. तसला आवाज तुम्ही कधी ऐकला नसेल. उशा झटकल्यासारखा."

"मग?" ताइसियाने अगदी हळू विचारलं.

"मग काय? पुन्हा नाचली नाही. लादोगा सरोवराच्या गोठलेल्या पाण्यावरून ट्रकने लोकांना बाहेर काढत होते, त्या यादीत तिचं नाव लागलं होतं. नंबर यायच्या आठ दिवस आधी गेली."

लढाई संपल्यावर फ्योदोर प्लातोनोविच नृत्यदिग्दर्शक झाला. सेहेचाळीस साली त्याने हा बॅले पुन्हा उभा केला. जुनी वही तेव्हा कुठल्या तळघरात होती, कोणाला माहीत नव्हतं. तालमीत नदी आली, तेव्हा तो थांबला, आणि खाली येऊन तिकिटं फाडणाऱ्या एकोणीस वर्षांच्या कापाला त्याने विचारलं, "ठेवू?" ती हो म्हणाली. त्याने उचलून नेणं काढलं, हात ठेवला, दोन ठोके ठेवले. पहिल्याच खेळाला सगळं थिएटर रडलं. दोन वर्षांनी कार्यक्रमपत्रिकेत छापून आलं, की ही उस्तादाची कल्पना. दोघांनीही तोंड उघडलं नाही.

"तिचा फोटोही नाही माझ्याकडे," कापा म्हणाली. "त्या हिवाळ्यात आम्ही सगळं जाळलं, अल्बमसुद्धा. जगात तिचं म्हणून तेवढंच उरलंय, तो हात. म्हणून मी राखत बसले. त्या मॉस्कोच्या बिचारीला रडवून पाठवलं. बदल कोणी केला असेल तर तो आम्ही केला, पोरी. तू नाही."

ताइसिया आता धाय मोकलून रडत होती. तिने कापाचे दोन्ही हात धरले. "मी थांबेन, कापामावशी. मला वहीबिही काही नको. दोन काय, चार ठोके थांबेन. रविवारी बघाच तुम्ही."

कापाने तिच्या केसांवरून हात फिरवला. "मग थांब," ती म्हणाली.

मला वाटलं, चला, मिटलं. पोरीचं काम राहील, गॅलरी खूश होईल, आग्नियाचा हातही राहील. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन जाम घालून चहा प्यायले आणि मनसोक्त रडले.

शुक्रवारी तालीम होती. आम्ही दोघी रिकाम्या गॅलरीत पुढच्या रांगेत बसलो, कधी नव्हे त्या. ताइसिया निघाली, मध्यावर आली, टाचा टेकल्या, मान झुकली, हात पुढे गेला. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या हातांत तो सुंदर होता. बोटांच्या टोकापर्यंत तिने ती गोष्ट नेली होती. 

"काय केलं ग पोरीने!" मी म्हटलं.

मी कापाकडे वळले. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी घाबरले, पाणी आणू का विचारलं.

"फाया," ती म्हणाली, "हे काय करते मी?"

"काय केलंस?"

"या पोरीला मी कोबीचे पिरोझोक खाऊ घालून वाढवलं. आणि आता तिला उपाशी माणसाची नक्कल करायला लावते." तिने कठडा धरला. "आग्नियाला काय तिथे थांबायचं होतं का ग? तिने महिनाभर घोकलं होतं. स्वयंपाकघरात, मोजे घालून, ओट्यापासून दारापर्यंत. सरळ जायचं होतं तिला. पोटात पाव असता तर सरळच गेली असती. आणि मी चाळीस वर्षं तिला तिथेच उभी करून ठेवलीय. दर खेळाला. बर्फाच्या मधोमध. लोक रडतात, आणि मी बघते."

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार? दगडासारखी घट्ट बाई, तिचे खांदे हलत होते.

मग ती उठली, गुडघ्यांवर हात टेकत, आणि वरूनच खाली ओरडली. तालीम चालू असताना गॅलरीतून ओरडणं म्हणजे आमच्याकडे नोकरी जाण्यासारखा गुन्हा. "ए पोरी! वहीत लिहिलंय तशी जा! न थांबता!"

खाली सगळे माना वर करून बघायला लागले. ताइसिया मध्यावर तशीच उभी, हात पुढे. मग तिने हात हळूच खाली घेतला आणि मान हलवली.

रविवारी गॅलरी तुडुंब भरली होती. जे कधी येत नाहीत तेही आले होते. भांडण असलं की लोकांना कलेची आवड निर्माण होते. वेनियामिन ओसिपोविच पत्र घेऊन कापासमोर उभे राहिले.

"कापितोलीना येगोरोव्हना, वरची ओळ अजून रिकामी आहे."

"खेळ झाल्यावर बघू."

"आज ती थांबेल असं ऐकतो."

"दुर्बीण हवी का तुम्हाला?" कापा म्हणाली. "आज लागेल."

शेवटचा अंक लागला. मी खिडकी उघडी टाकून दारात आले. ताइसिया कोपऱ्यातून निघाली. गॅलरीत शंभर माणसांनी एकदम श्वास घेतलेला मला ऐकू आला. ती मध्यावर आली. सगळे दोन ठोक्यांसाठी पुढे झुकले. आणि ती गेली. न थांबता, सरळ, त्या गिरवलेल्या रेघेसारखी. पण जानेवारीत ती बिनचूक गेली होती. आज ती कोणाकडे तरी चालली होती. पलीकडच्या काठावर तिचा पाय टेकला, नवऱ्याने हात धरला, आणि संगीत थांबलं.

खाली टाळ्या. वर चिडीचूप. आणि हळूहळू एकेक डोकं मागे वळायला लागलं, कापाच्या हातांकडे. ताइसियानेही वर पाहिलं, हे मी शपथेवर सांगते.

कापाचे हात पाठीमागे नव्हते. कडेलाही नव्हते. ते तिच्या तोंडावर होते. मग तिने ते खाली घेतले आणि टाळी वाजवली. एक. मग दुसरी. तिच्या काखेत कार्यक्रमपत्रिका होत्या, त्या खाली पसरल्या, त्यांच्यावर उभी राहून ती एकटी टाळ्या वाजवत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात थांबत नव्हते.

"कापितोलीना येगोरोव्हना, तुम्ही?" वेनियामिन ओसिपोविच म्हणाले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खाली रंगमंचाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मग ते पत्र त्यांनी काखेत धरलं, कारण टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात. औषधांच्या दुकानातल्या बाई तर रडतच होत्या. त्यांना जागा सापडली होती. मग गॅलरी अशी दणाणली, की छतावरच्या झुंबराचे लोलक वाजले.

मी वळून पाहिलं तर कापा जागेवर नव्हती. माझ्या खोलीत शिरून तिने तिसऱ्या हुकावरचा स्वतःचा जाड करडा कोट काढला होता आणि तो छातीशी धरून ती मागच्या जिन्याने खाली निघाली होती. त्या गुडघ्यांनी! चार मजले! मी कोट, टोकनं, रांग, सगळं टाकून तिच्यामागे धावले. वरून लोक ओरडत होते, "अहो बाई, आमचे कोट!" ओरडा म्हटलं.

ती मधे कुठेच थांबली नाही. पडद्यामागे गेली, पलीकडच्या विंगेत, आणि तिथे उभी राहिली, कोट हातात पसरून. पडदा चौथ्यांदा खाली आला तेव्हा ताइसिया धापा टाकत आत आली. घामाने निथळत होती, पाठीवरून वाफा निघत होत्या, आणि विंगेत त्या दिवशी इतकं उकडत होतं, की दोरीवाल्यांनी सदरे काढले होते.

कापाने कोट तिच्या खांद्यांवर टाकला, गळ्यापाशी घट्ट ओढला आणि वरचं बटण लावलं.

"घाल," ती म्हणाली. "गार आहे."

ताइसियाने नको म्हटलं नाही. तिने दुसरं बटण स्वतः लावलं आणि कापाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"आले मी," ती म्हणाली.

"पाहिलं ग," कापा म्हणाली. "पायांनी आलीस."